उघड्या आभाळाखालचे कवच : 'एसएल' मोटारीची सात दशके

वाङ्मयाच्या अभ्यासकाने एका मोटारीच्या इतिहासात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, वाङ्मयप्रकाराचा इतिहास लिहिताना आपण जे प्रश्न विचारतो त्यांपैकी बरेचसे प्रश्न दीर्घकाळ टिकलेल्या एखाद्या वस्तूलाही विचारता येतात. नाव तेच राहिले आणि आतला आशय बदलत गेला, तर ती गोष्ट तीच राहते काय? बाहेरून एखादे बंधन आले की रूप मोडते, की ते बंधन पचवून अधिक सघन होते? वृत्ताच्या आणि छंदाच्या बंधनाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात तेच प्रश्न मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या 'एसएल' या उघड्या छताच्या मोटारीला विचारून पाहायचे आहेत.

ही निवड अकारण केलेली नाही. 'देखणी' आणि 'सुरक्षित' ही दोन विशेषणे आज मोटारींच्या जाहिरातींत इतक्या सहजपणे शेजारी बसतात की त्यांच्यात कधीकाळी वैर होते याचा आपल्याला विसर पडतो. उघड्या मोटारीच्या बाबतीत हे वैर मूळ रचनेतच आहे. पुठ्ठ्याचे एखादे खोके घेऊन ते झाकणासकट दोन्ही हातांनी पिळून पाहावे, आणि मग झाकण काढून पुन्हा पिळावे. दुसऱ्या वेळी ते सहज वेडेवाकडे होते. बंद मोटार ही झाकण लावलेली पेटी असते. तळ, बाजूचे खांब आणि छप्पर मिळून भार वाहतात. छप्पर काढले की उरतो तो तबकासारखा सांगाडा. तो वळणावर पिळवटतो, आणि गाडी उलटलीच तर बसणाऱ्याच्या डोक्यावर काहीही उरत नाही. हे टाळायचे तर तळ आणि बाजूच्या कडा अधिक जाड कराव्या लागतात, म्हणजेच वजन वाढवावे लागते. त्यामुळे दिसायला हलकीफुलकी असलेली उघडी मोटार तिच्या बंद भावंडापेक्षा बहुधा जडच असते. 'एसएल'चा इतिहास हा माझ्या मते या जडपणाला दृष्टीआड करण्याचा इतिहास आहे, आणि त्यातूनच तिचे सौंदर्य आणि तिच्याविषयीची नैतिक अडचण, दोन्ही जन्माला आली आहेत.

नावाचा पाठभेद

आरंभ नावापासून करू. 'एसएल' या दोन अक्षरांचा अर्थ काय, याविषयी बरीच वर्षे दोन पाठ प्रचलित होते. एका पाठानुसार ती 'श्पोर्ट लाइश्ट' म्हणजे 'क्रीडा-हलकी' या जर्मन शब्दांची आद्याक्षरे होती, तर दुसऱ्या पाठानुसार 'झूपर लाइश्ट' म्हणजे 'अतिहलकी' या शब्दांची. जाणकार लेखकही कधी हा तर कधी तो अर्थ देत असत. २०१७ च्या सुमारास कंपनीच्या स्वतःच्या अभिलेखागारात सापडलेल्या जुन्या कागदाने 'अतिहलकी' हा पाठ ग्राह्य ठरवला. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकांना या छोट्याशा प्रकरणाची गंमत वाटेल.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, या मोटारीने जन्मतःच हलकेपणाचे वचन दिले होते. १९५२ मध्ये शर्यतीसाठी बनवलेल्या पहिल्या '३०० एसएल'ला ते पाळणे भागच होते. युद्धानंतर कंपनीजवळ पैसा थोडा होता. शर्यतीसाठी खास नवे इंजिन घडवणे परवडणारे नव्हते, म्हणून कंपनीच्या मोठ्या प्रवासी गाडीचे तीन लिटरचे जड इंजिनच वापरायचे ठरले. इंजिन जड, तर बाकी सारे हलके हवे. अभियंता रुडॉल्फ ऊलेनहाउट याच्या हाताखाली बारीक पोलादी नळ्यांच्या त्रिकोणांचा एक सांगाडा तयार झाला. हा सांगाडा बाजूंनी उंच असल्याने नेहमीचे दरवाजे बसेनात. मग दरवाज्यांच्या बिजागऱ्या छपरात गेल्या आणि दार वर उघडू लागले. पुढे ज्याला 'गलविंग', म्हणजे सागरी पक्ष्याचा पंख, असे काव्यमय नाव पडले, ते रूप गणिताच्या अडचणीतून जन्मले होते. १९५२ च्या त्याच हंगामात न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीसाठी या गाड्यांची छपरे काढून टाकण्यात आली. 'एसएल' पहिल्यांदा उघडी झाली ती अशी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोतील 'कारेरा पानामेरिकाना' या शर्यतीत भर वेगात एक गिधाड समोरच्या काचेवर आदळले. काच फुटली आणि चालकाशेजारी बसलेला हान्स क्लेंक जखमी झाला. पुढच्या टप्प्यासाठी काचेपुढे पोलादी गज ठोकण्यात आले आणि कार्ल क्लिंगने त्याच गाडीतून ती शर्यत जिंकली. सुरक्षिततेचा विचार त्या काळी असाच होत असे. आधी आघात, मग गज.

हलकेपणाची किंमत

न्यूयॉर्कमधील आयातदार मॅक्स हॉफमन याच्या आग्रहावरून शर्यतीची ही गाडी विक्रीसाठी बनवायचे ठरले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात '३०० एसएल' लोकांसमोर आली. तिच्याबरोबरच '१९० एसएल' ही तिची धाकटी, उघडी आणि पुष्कळ स्वस्त बहीणही तेथे मांडली होती. '३०० एसएल'ची जर्मनीतील किंमत होती २९,००० मार्क. १९५७ पर्यंत अशा १४०० गाड्या बनल्या.

या गाडीचे सौंदर्य वादातीत आहे. तिचा स्वभाव मात्र सौम्य नव्हता. मागच्या चाकांची जोडणी अशी होती की वळणात घाबरून पाय पेडलवरून उचलला, तर गाडीचा मागचा भाग एकाएकी निसटे. शिवाय गाडी उलटी झाली तर वर उघडणारी दारे उघडणार कशी, हा प्रश्न होताच. हलकेपणासाठी केलेल्या तडजोडींची ही यादी वाढवता येईल. पण त्या तडजोडींची खरी किंमत जगाला दिसली ती ११ जून १९५५ रोजी, फ्रान्समधील ल मां येथे.

त्या दिवशीची मोटार '३०० एसएलआर' होती. तांत्रिकदृष्ट्या ती निराळ्या कुळातली, केवळ शर्यतीसाठी बनवलेली उघडी गाडी. नावाने मात्र सख्खी. पिएर लव्हेग चालवत असलेली ही गाडी पुढच्या एका संथ गाडीवर चढून हवेत उडाली आणि प्रेक्षकांच्या बाजूच्या बांधावर आदळून फुटली. इंजिन आणि पुढचे भाग गर्दीत घुसले. स्वतः लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. गाडीचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते, कारण तो धातू अतिशय हलका असतो. तो पेटला तेव्हा पाण्याने विझेना. 'अतिहलकी' या शब्दाचा हा दुसरा अर्थ कोणत्याही अभिलेखागारात शोधावा लागत नाही. त्या हंगामाच्या अखेरीस कंपनीने मैदानावरच्या शर्यतींतून अंग काढून घेतले.

१९५७ मध्ये '३०० एसएल' रोडस्टर म्हणजे उघड्या रूपात आली, तेव्हा तिच्यात झालेले बदल या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखे आहेत. नळ्यांचा सांगाडा बाजूंनी खाली आणून नेहमीची दारे बसवण्यात आली. मागच्या चाकांची जोडणी बदलून वळणातला तो विश्वासघातकीपणा बराच कमी करण्यात आला. १९६१ पासून डिस्क ब्रेक आले. गाडी जड झाली, पण चालवणाऱ्याशी अधिक प्रामाणिक झाली. १९६३ पर्यंत अशा १८५८ गाड्या बनल्या.

अंगभूत कवच

येथे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे पात्र येते. बेला बारेनी याचा जन्म १९०७ मध्ये व्हिएन्नाजवळच्या हिर्टेनबर्ग येथे झाला. १९३९ मध्ये तो डाइमलर-बेंझमध्ये आला. पुढे त्याच्या नावावर अडीच हजारांहून अधिक पेटंटे नोंदली गेली. त्यांतील एका कल्पनेने विसाव्या शतकातील मोटारीचा पाया बदलला. जानेवारी १९५१ मध्ये त्याने पेटंटासाठी अर्ज केलेली ही कल्पना ऐकायला विरोधाभासात्मक वाटते. तोवर मजबूत गाडी म्हणजे न वाकणारी गाडी, असा समज होता. बारेनीने गाडीचे तीन भाग कल्पिले. मधला, माणसे बसतात तो भाग अभेद्य. पुढचा आणि मागचा भाग मात्र मुद्दाम मऊ. टक्कर झाली की या टोकांनी चुरगळावे आणि आघाताची ऊर्जा स्वतःत जिरवावी, म्हणजे ती माणसापर्यंत पोहोचणार नाही. गाडीने मोडायचे ते माणूस मोडू नये म्हणून.

ही कल्पना प्रथम १९५९ च्या बंद प्रवासी गाडीत उतरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झिंडेलफिंगेन येथे कंपनीने आपली पहिली टक्कर-चाचणी घेतली. तिचे महत्त्व समजून घ्यायला वाङ्मयाच्या अभ्यासकाने एक तारीख आठवावी. ४ जानेवारी १९६० रोजी, म्हणजे या चाचणीनंतर चारच महिन्यांनी, आल्बेर काम्यू हा फासेल वेगा या महागड्या फ्रेंच मोटारीतून पॅरिसकडे येत असता गाडी झाडावर आदळून जागीच मरण पावला. गाडी चालवणारा त्याचा मित्र मिशेल गालीमार काही दिवसांनी गेला. त्या गाडीला छप्पर होते. गाडी भक्कम पोलादाची होती. परंतु आघात कुठे जिरवायचा याची योजना तिच्या रचनेत नव्हती. बंद मोटार म्हणजे सुरक्षित आणि उघडी म्हणजे धोकादायक, ही सरधोपट विभागणी यामुळे डळमळते. खरा प्रश्न रचनेच्या आत होता.

मार्च १९६३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात '२३० एसएल' आली. १९५९ च्या त्या प्रवासी गाडीचा तळ आखूड करून ती बनवली होती, त्यामुळे बारेनीचा अभेद्य मध्यभाग आणि चुरगळणारी टोके तिला वारशानेच मिळाली. असे सुरक्षित अंग लाभलेली ही पहिली स्पोर्ट्स कार मानली जाते. फ्रीडरिश गाइगर याच्या विभागात पॉल ब्राक या तरुण फ्रेंच चित्रकाराने तिला रूप दिले. सरळ, स्वच्छ रेषा, रुंद ठाण आणि कुठेही आक्रमकपणा नाही. त्याच वर्षी ऑयगेन ब्योरिंगर याने स्पा–सोफिया–लिएज ही अत्यंत खडतर रॅली याच गाडीतून जिंकली, त्यामुळे सुरक्षित म्हणजे मवाळ, हा आक्षेपही फार टिकला नाही.

या गाडीला लोकांनी 'पॅगोडा' हे टोपणनाव दिले. कारण तिचे काढता-घालता येणारे धातूचे छप्पर मध्यभागी किंचित खोलगट आणि कडांना उंच होते, पौर्वात्य मंदिराच्या छपराची आठवण करून देणारे. ही वक्रताही बारेनीच्याच विचारातून आली. कडा उंच असल्याने बाजूच्या काचा मोठ्या झाल्या, आत शिरणे सोपे झाले, बाहेरचे अधिक दिसू लागले. आणि वाकवलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहत असल्याने छपराला बळही मिळाले. रूप आणि प्रयोजन इतके एकजीव झाल्याची उदाहरणे वस्तूंच्या जगात थोडीच असतील.

आणि तरीही या ठिकाणी एक विसंगती नोंदवायला हवी. गाडीला जिच्यावरून नाव मिळाले ती खूण काढून ठेवता येणारी होती. उन्हाळा आला की दोन माणसे ते छप्पर उचलून गॅरेजात ठेवत, आणि गाडी उघडी रस्त्यावर येई. टक्कर समोरून झाली तर बारेनीची योजना माणसाला वाचवणार होती. गाडी उलटली तर मात्र नाही. कर्णाचे कवच अंगचे होते, म्हणून ते मागून घ्यावे लागले. 'पॅगोडा'चे निम्मे कवच अंगचे होते आणि निम्मे मालक स्वतःच आनंदाने उतरवून ठेवत असे. १९७१ पर्यंत, २५० आणि २८० या पुढच्या आवृत्त्या धरून, अशा ४८,९१२ गाड्या बनल्या.

कायद्याचे सावट

१९६५ मध्ये अमेरिकेत राल्फ नेडर याचे मोटारींच्या असुरक्षित रचनेवर कोरडे ओढणारे पुस्तक आले. १९६६ मध्ये तेथे वाहन-सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. लवकरच गाडी उलटण्याविषयीचे नियम येणार अशी चर्चा सुरू झाली, आणि उघड्या मोटारीवर अमेरिकेत बंदीच येईल अशी भीती जगभरच्या कारखान्यांत पसरली. प्रत्यक्षात अशी बंदी कधीच आली नाही. १९७२ मध्ये एका अमेरिकी न्यायालयानेही, नियमांच्या आडून हा प्रकारच नाहीसा करता येणार नाही, अशा आशयाची भूमिका घेतली. परंतु भीतीने जे करायचे ते तोवर केले होते. ब्रिटनची ट्रायम्फ 'टीआर-७' १९७५ मध्ये केवळ बंद छपराची म्हणून आली. तिचे उघडे रूप यायला १९७९ उजाडले. कॅडिलॅकने १९७६ ची 'एल्डोराडो' ही अमेरिकेची शेवटची उघडी मोटार म्हणून गाजवली. लोकांनी स्मृतिचिन्ह म्हणून ती विकत घेतली. १९८४ मध्ये त्याच कंपनीने पुन्हा उघडी मोटार विकायला काढली, तेव्हा फसवले गेल्याची भावना झालेले काही ग्राहक न्यायालयात गेले. एखाद्या वाङ्मयप्रकाराचा मृत्यू घोषित करणाऱ्या समीक्षकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९७१ मध्ये आलेली 'एसएल'ची पुढची पिढी या भीतीच्या ऐन मध्यात जन्मली. तिच्या कर्त्यांनी उघडेपण सोडले नाही. त्यांनी समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांकडे लक्ष वळवले. छप्पर नसलेल्या गाडीत डोक्याच्या उंचीला असणारा एकमेव आधार म्हणजे हे खांब आणि त्यांना जोडणारी काचेची चौकट. ते पूर्वीपेक्षा पुष्कळ बळकट करण्यात आले आणि काच चौकटीला चिकटवून टाकण्यात आली, म्हणजे तीही भार वाहू लागली. इंधनाची टाकी मागच्या आसावर, टक्करीपासून दूर नेली गेली. मागच्या दिव्यांच्या काचांवर आडव्या खोबणी पाडल्या, म्हणजे चिखल उडाला तरी खोबणींच्या तळाशी काच स्वच्छ राहील आणि मागच्याला दिवा दिसेल. गाडी 'पॅगोडा'पेक्षा चांगलीच जड झाली. तिच्या रेषांतही एक प्रकारचा गंभीरपणा आला. काही रसिकांना तो रुचला नाही. पण १९८९ पर्यंत, सलग अठरा वर्षे, ही गाडी बनत राहिली. २,३७,२८७ उघड्या गाड्या विकल्या गेल्या. त्या काळात मर्सिडीजजवळ दुसरी उघडी मोटारच नव्हती. एका प्रकाराची परंपरा एकाच दुबळ्या धाग्यावर तगून राहावी, असा तो काळ होता.

तीन दशांश सेकंद

गाडी उलटण्याचा प्रश्न इतर कारखान्यांनी कसा सोडवला, हे येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पोर्शने १९६५ मध्ये '९११ टार्गा' दाखवली. तिच्यात बसणाऱ्यांच्या मागे पोलादाची रुंद कमान कायमची उभी होती, आणि पोर्शने ती लपवण्याऐवजी चकचकीत करून मिरवली. फोक्सवागेनने १९७९ च्या उघड्या 'गोल्फ'मध्ये अशीच कमान घातली. ती पाहून जर्मन लोकांनी गाडीला 'स्ट्रॉबेरीची परडी' असे नाव ठेवले, कारण मधली कमान परडीच्या मुठीसारखी दिसे. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. पण कमान डोक्यामागे सतत उभी असली की आकाशाचे दोन तुकडे होतात. उघडेपणाचा अनुभव अबाधित राहत नाही.

१९८९ मध्ये जिनिव्हात आलेल्या 'एसएल'ने तिसरे उत्तर दिले. ब्रूनो साको याच्या देखरेखीखाली रेखलेल्या या गाडीत कमान होती, पण ती आसनांच्या मागे आडवी झोपलेली. गाडी उलटण्याच्या बेतात आहे असे संवेदकांना कळले की ती ०.३ सेकंदात उसळून उभी राहत असे. सुरक्षापट्टे आसनांतच गुंफलेले होते, कारण उघड्या गाडीत ते टांगायला बाजूचा खांब नसतो. त्यामुळे ते आसन स्वतःच एक भक्कम सांगाडा बनले.

मला या कमानीत 'एसएल'च्या साऱ्या इतिहासाचे सार दिसते. १९५२ चे मेक्सिकोतील गज आघातानंतर आले आणि दिसतच राहिले. १९६३ चे बळ गाडीच्या अंगात मुरले. १९८९ ची कमान गरज पडेपर्यंत अस्तित्वातच नसल्यासारखी राहते. आघात आणि संरक्षण यांच्यात आता एका श्वासाचेही अंतर उरले नाही. मालकाने आयुष्यभर ती कमान कधी पाहिलीच नाही, तर तो तिचा पराभव नव्हे. वृत्त सांभाळलेले आहे हे वाचकाला जाणवू नये आणि तरी ओळ कोसळू नये, अशी आपली जी अपेक्षा असते, तिच्याशी याचे नाते आहे.

लोखंडाकडून पुन्हा कापडाकडे

२००१ च्या पिढीने छपराचाच प्रश्न निकालात काढू पाहिला. तिचे धातूचे छप्पर बटण दाबताच दुमडून सोळा सेकंदांत मागच्या डिकीत जाऊन बसे. ही कल्पना अगदी नवी नव्हती. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये प्यूजोने आणि १९५७ मध्ये फोर्डने असे छप्पर बनवले होते. स्वतः मर्सिडीजने १९९६ च्या 'एसएलके'मध्ये ते वापरले होते. मात्र येथे 'पॅगोडा'ची जुनी विसंगती मिटली. छप्पर आता गॅरेजात ठेवायचे नव्हते; ते सोबतच प्रवास करू लागले. किंमत पुन्हा वजनाचीच होती. याच गाडीत ब्रेकचा दाब संगणकाच्या आज्ञेने देणारी प्रणाली होती. सुरक्षिततेतील मोठे पाऊल म्हणून तिचा गाजावाजा झाला, आणि २००४ व २००५ मध्ये ती असलेल्या मर्सिडीजच्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. सुरक्षिततेचा इतिहास नेहमी पुढेच जातो असे नाही, याची ही आठवण.

२०१२ मध्ये सांगाडा मुख्यत्वे ॲल्युमिनियमचा झाला आणि कित्येक दशकांनी 'एसएल'चे वजन लक्षणीयरीत्या घटले. २०२१ मध्ये कंपनीच्या एएमजी या शाखेने घडवलेल्या पिढीत धातूचे छप्पर गेले आणि कापडाचे परत आले, आधीच्या छपरापेक्षा २१ किलोंनी हलके. उसळणारी कमान तेथेही आहेच. पण आकडे पाहिले तर मौज वाटते. १९५२ ची शर्यतीची गाडी एक टनाहूनही कमी होती. '२३० एसएल' सुमारे १३०० किलोंची. २०२१ ची 'एसएल' जवळजवळ दोन टनांची. 'अतिहलकी' हे नाव मात्र अजून पुढच्या बाजूला नाही तरी मागच्या पत्र्यावर मिरवते आहे. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या विसंगतीत आहे. नाव आणि वजन यांची फारकत झाली, तरी वस्तू तीच राहिली, कारण तिने जपलेली गोष्ट हलकेपणा ही नव्हतीच. तिने जपला तो हलकेपणाचा अनुभव. तो अनुभव अबाधित राहावा म्हणून ती आतून जड होत गेली.

आकाश कोणाचे

येथे थांबता आले असते. पण ज्या समाजात आपण हे वाचतो आहोत, त्याचा विचार केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

१९५४ मध्ये न्यूयॉर्कला '३०० एसएल' प्रकटली, त्याच वर्षी टाटांच्या 'टेल्को'ने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनवायला आरंभ केला. १९६९ पर्यंत या मालमोटारींच्या कपाळावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. आपल्याकडच्या एका पिढीला तो तारा परिचित होता तो उघड्या मोटारीमुळे नव्हे, घाटात धापा टाकणाऱ्या ट्रकमुळे. त्यांतील कित्येक ट्रक नुसत्या चासीच्या स्वरूपात विकले जात, आणि चालकाची केबिन गावातला सुतार आणि पत्र्याचा कारागीर मिळून लाकडात नि पत्र्यात उभी करीत. बारेनीचा अभेद्य मध्यभाग 'पॅगोडा'त बसणाऱ्या दोघांना मिळाला, त्या वर्षी त्याच ताऱ्यामागे बसलेल्या आपल्या ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे पत्र्याचा एक पातळ पडदा होता.

हा दोष कोणा एका कारखान्याच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. सुरक्षितता आधी महागड्या वस्तूत शिरते आणि मग हळूहळू खाली झिरपते, हा त्या साऱ्या काळाचाच नियम होता. ती झिरपली हेही खरे. चुरगळणारी टोके आणि अभेद्य मध्यभाग ही बारेनीची विभागणी आज जगातल्या सामान्य मोटारीतही आहे. भारतात नव्या मोटारींसाठी टक्कर-चाचण्यांचे निकष ऑक्टोबर २०१७ पासून लागू होऊ लागले, आणि २०२३ मध्ये 'भारत एनकॅप' ही मानांकनाची पद्धत सुरू झाली. १९५१ च्या पेटंट-अर्जापासून मोजले तर हे अंतर पासष्ट वर्षांहून अधिक भरते.

पुण्याजवळ चाकणला मर्सिडीजचा कारखाना आहे. तेथे 'एसएल' बनत नाही. जून २०२३ मध्ये ती भारतात आली ती परदेशातून पूर्ण बनून, २ कोटी ३५ लाख रुपये किमतीला. २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, अशी सरकारी नोंद आहे. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि सुमारे एक पंचमांश पायी चालणारी. ही माणसेही उघड्या आकाशाखालीच प्रवास करीत होती. त्यांनी ते आकाश निवडले नव्हते आणि त्यांच्या पाठीमागे ०.३ सेकंदात उभी राहणारी कोणतीही कमान नव्हती.

'एसएल'ने सात दशकांत जे सिद्ध केले ते लहान नाही. उघडेपणा आणि संरक्षण यांत निवड करावीच लागते असे नाही. पुरेशी बुद्धी, पुरेसा पैसा आणि पुरेसा काळ दिला तर माणसाला वाऱ्यात बसवून वाचवताही येते. म्हणूनच तिच्या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न तांत्रिक उरत नाही. ती बुद्धी, तो पैसा आणि तो काळ आपण कोणत्या प्रवाशासाठी खर्च करतो, एवढाच तो प्रश्न आहे.